वारा मध्येच पडतो तेव्हा

श्रीवर्धन, १० ऑगस्ट

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर रागावलो ते मनात धरू नकोस. रात्रभर डोळा लागला नाही. तू ऑगस्टअखेर येणार म्हणून तुझ्या आईने माडीवरची खोली सारवूनसवरून ठेवली होती. त्यात तू सांगितलंस, नोव्हेंबरपर्यंत राहते म्हणून. तिकडचा, कॅरिबियन समुद्रातल्या बेटांचा, वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, आणि त्यातही ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर सगळ्यात वाईट. नेमके तेच दिवस तू वाढवून घेतलेस. पण वादळावर लिहायचं नाही असं ठरवूनच कागद पुढे ओढला आहे, म्हणून इथेच थांबतो.

आता नकाशावर तुझं बेट मला सापडतं. सुरुवातीला मी डॉमिनिकन रिपब्लिक धरून बसलो होतो, तुझी डॉमिनिका वेगळी हे आत्याच्या नातवाने दाखवलं. जुन्या लोकांनी त्याला वैतुकुबुली नाव दिलं होतं, ‘उंच जिची काया’ असा त्याचा अर्थ, हे तू सांगितलेलं मी वहीत लिहून ठेवलं आहे. तिथल्या राजधानीतली, रोझोची वनस्पती-बाग १८८९-९० च्या सुमारास मळेवाल्यांना लिंबू, कोको, कॉफीची रोपं पुरवायला सुरू झाली, आणि आज माझी मुलगी तिथे ब्वा क्वाइबची रोपं पिशव्यांत भरते आहे. जगात दुसरीकडे कुठेही आपोआप न उगवणारं, त्या देशाने राष्ट्रीय फूल म्हणून मिरवलेलं झाड तुझ्या हातून वाढतंय. हे मी बाजारात किती जणांना सांगितलं, ते आईला विचार.

तू पाठवलेला तो फोटो, गोरखचिंचेखाली चेपलेल्या शाळेच्या बसचा. २९ ऑगस्ट १९७९, डेव्हिड वादळ. बस रिकामी होती म्हणून निभावलं. झाड आडवं पडूनही मेलं नाही, त्याला पुन्हा फांद्या फुटल्या, फुलं येतात, म्हणून तू ते कौतुकाने पाठवलंस. मी मात्र बसचा टपच बघत राहिलो. लोखंड होतं ते, सायली.

बघ, आलोच तिथे.

आपल्या निसर्ग वादळात वारा ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर होता. ३ जून २०२०. त्यात आपल्या आगराचं काय झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे. आबांनी लावलेल्या पोफळी दुपारच्या दोन-तीन तासांत काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. तुझ्याकडे १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया वादळ आलं तेव्हा वारा ताशी दोनशेसाठ किलोमीटरहून जास्त होता. दहातल्या नऊ घरांच्या छपरांची मोडतोड झाली, पंतप्रधानांच्या घराचंही छप्पर उडालं. आकडे मी मुद्दाम शोधत नाही, पण एकदा वाचले की डोक्यातून जात नाहीत.

तेव्हा एवढं कर. पिण्याचं पाणी आधी भरून ठेव. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घालून अंगाशी बांध. बॅटरीचे सेल वेगळे ठेव. डोंगरउतारावर राहायला जाऊ नकोस, तिथले डोंगर पावसाने सुटतात. मुख्य म्हणजे, वारा मध्येच एकदम पडला आणि उजाडल्यासारखं झालं, तरी वादळ संपलं असं समजू नकोस. तो वादळाचा डोळा असतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने परत येतो, आणि आधी हललेली झाडं तेव्हा पडतात. कितीही मोलाची रोपं बाहेर राहिलेली असोत, दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

तुला शिकवायला बसलो. वनस्पतिशास्त्र तू शिकलीस, मी नाही. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या ही वादळं सोसत आले, ते तुला माझ्याहून नीट सांगतील. रागावू नकोस.

तुझ्या कालालूची, दशीनच्या पानांच्या त्या कालवणाची, गोष्ट आईला फार आवडली. दशीन म्हणजे आपलं अळूच, आणि त्यात खेकडे घालून शिजवतात हे कळल्यावर ती म्हणाली, तिला तिथे उपाशी राहायला लागणार नाही. नीरफणसाचं मला ठाऊक होतं, पण तो तिथे कसा पोचला ते तुझ्याकडून कळलं. १७९३ मध्ये ब्लाय नावाच्या कप्तानाने ताहितीहून रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला नेली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला. आपल्या विहिरीकडच्या नीरफणसाचे काप तुझी आजी श्रावणात तळायची, तू ताटाभोवती घिरट्या घालायचीस. त्या फळामागे एवढं दुःख असेल असं कधी वाटलं नव्हतं. परवा काप खाताना तुझी आणि त्या माणसांची, दोन्हींची आठवण झाली.

आता जे लिहायचं होतं ते. वादळाच्या डोळ्याबद्दल मी पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही. निसर्ग वादळाच्या त्या दुपारी वारा पडला तेव्हा मी दार उघडून आगरात गेलो. आई ओरडत होती, तरी गेलो. रोठा सुपारीची तीनशे रोपं पन्हळीपाशी उघडी होती, आणि मला वाटलं, संपलं. तू माझ्यामागे आलीस. दोघं रोपं उचलत असताना दक्षिणेकडून वारा आला आणि तुझ्यापासून हातभर अंतरावर पोफळ पडली. तुझ्या चेहऱ्यावर तिच्या झावळीचा फटका बसला, त्याचा वण अजून भुवईवर आहे.

घरी आल्यावर मी तुला बोललो, ‘बाहेर कशाला आलीस?’ सगळ्यांसमोर. तू काही बोलली नाहीस. पण तू बाहेर आलीस ती मी बाहेर होतो म्हणून. रोपांसाठी वादळात धावायचं हे तू माझ्याकडूनच शिकलीस, आणि आता अशा बेटावर आहेस जिथे ती सवय जिवावर बेतेल. चूक माझी होती. इतकी वर्षं म्हणू शकलो नाही, आज म्हणतो.

ये म्हणून हट्ट करत नाही. तुला तिथे हवंहवंसं काम मिळालंय हे आवाजात कळतं. महिनाभर वीज नव्हती तेव्हा कंदिलाच्या उजेडात तू आगराचा नकाशा काढून कुठे कुठली पोफळ लावायची ते ठरवत होतीस, तो आवाज आणि हा आवाज एकच आहे.

त्या नकाशातल्या, तू कुंपणाकडे लावलेल्या तीन पोफळींपैकी मधलीला या वर्षी पहिली पोय आली. फोटो काढला आहे, नीट आला नाही, पुन्हा काढतो.

आणि तू राहतेस त्या घराचं छप्पर पत्र्याचं की सिमेंटचं, ते कळव. मागच्या दोन्ही फोनवर विचारायचं राहिलं. आई विचारते आहे.

तुझा,
बाबा