पेंग्विनचं रक्त आणि बाबांचा रिपोर्ट

केप टाउन

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्याशा जिवाला सुया टोचता, दया नाही येत?" नेमकी तेव्हा रेंज गेली, म्हणून आता सविस्तर लिहिते.

येते गं. पण पक्ष्याची जात मोठी लबाड. मरायला टेकेपर्यंत आजार अंगावर दिसू देत नाही, कारण मलूल दिसला की शिकारी त्यालाच आधी गाठणार. मग रक्ताशिवाय कळायचं कसं?

आफ्रिकन पेंग्विन असतो तीनेक किलोचा. एकीने त्याचं डोकं घट्ट धरायचं (चावतो मेला, माझी मनगटं बघ एकदा), दुसरीने पायाच्या शिरेतून मिलिलिटरभर रक्त घ्यायचं. वजनाच्या 1 टक्क्याच्या वर जायचंच नाही. बारीक काचनळीत भरून ते गरगर फिरवलं की तांबड्या पेशी तळाशी बसतात. तो तांबडा थर कमी भरला की आमची धावपळ सुरू. समुद्रात सांडलेलं तेल गिळलेल्या पक्ष्याच्या पेशी फुटतात, मलेरिया झालेल्याच्याही. हो, यांना मलेरिया होतो! डासांमुळेच, फक्त जंतू वेगळा. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या पेशींत नसतं, त्यामुळे माणसांचं पेशी मोजायचं मशीन इथे गोंधळतं. काचपट्टी रंगवून डोळ्यांनीच मोजायचं. बाबा सोसायटीचे हिशेब तपासतात, तशी चिकाटी लागते.

खरं दुखणं मात्र पोटाचं आहे. सार्डिन, अँकोव्ही हे त्यांचे मासेच कमी झालेत. प्रजननक्षम जोड्या 10,000 हून कमी उरल्या, आणि 2024 मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्तांत झाली. कितीही रक्त तपासलं तरी त्याने मासे येत नाहीत, हे मलाही कळतं. 2025 मध्ये कोर्टाच्या आदेशाने पेंग्विनच्या सहा वसाहतींभोवती या माशांची व्यावसायिक मासेमारी 10 वर्षांसाठी बंद झाली. त्याने पक्षी अंग धरतात का, हे बघायला मी फार उत्सुक आहे.

आता बाबा, तुमचं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी पुन्हा टाळलीत म्हणे. लॅबचा मुलगा कोथरूडभर फिरून घरी आला, त्याला "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून वाटेला लावलंत! या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. सकाळचा अमृततुल्यातला चहा पिऊन या आणि हात पुढे करा. रिपोर्टची सगळी पानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, फक्त पहिलं नको. आई, तुझं हिमोग्लोबिनही त्याच वेळी होऊन जाऊ दे.

तुमची,
मनू