चित्रपुस्तकांची मुखपृष्ठं मुलांना दिसू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी सगळी नोकरी बालवाडीत शिकवण्यात गेली. आता चरईतल्या आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी लहान मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. पुस्तकं घराजवळच्या एका वाचनालयातून आणते. परवा आणलेल्या एका पुस्तकावर मांजरीच्या तोंडावरच वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का होता आणि शेपटीवर दाखल क्रमांकाची चिठ्ठी. चार वर्षांची एक मुलगी ती चिठ्ठी नखानं खरवडू लागली. शेपटी कुठे जाते ते तिला बघायचं होतं. ती मलपृष्ठावर जात होती, आणि तिथे एका उंदरानं तिचं टोक धरलं होतं! चित्रकारानं गोष्टीची सुरुवात पुस्तक उघडायच्या आधीच करून ठेवली होती.

वाचता न येणारं मूल पुस्तक निवडतं ते मुखपृष्ठ बघूनच. ‘ते हत्तीचं द्या’, ‘ते पावसाचं द्या’ अशीच मागणी असते. भडक रंग दिसले की मुलं खूश, हा मोठ्यांचा समज मला पटत नाही. नुसत्या काळ्या रेघांची चित्रंही मुलं तितक्याच ओढीनं बघतात, चित्रात काहीतरी घडत मात्र असावं लागतं. कुणीतरी रोखून बघतंय, दाराआडून पाय दिसतोय, फांदी आता मोडणारच आहे. मी वाचत असते तेव्हा त्यांचे डोळे अक्षरांवर नसतातच. आजीच्या खुर्चीखाली एकच चप्पल आहे हे मला दिसलेलं नसतं. मी पान उलटायला जाते आणि ‘थांबा ना बाई, दुसरी चप्पल कुठंय?’ म्हणून कुणीतरी माझा हात धरतं. मजकुरात त्या चपलेचा उल्लेखसुद्धा नसतो.

काही स्वस्त पुस्तकांच्या मुखपृष्ठावर चकचकीत हत्ती असतो आणि आत हत्तीचा पत्ता नसतो. मुलं शेवटच्या पानापर्यंत त्याला शोधतात आणि हिरमुसतात. अशी पुस्तकं वाचनालयांनी घेऊच नयेत. कमी पैशांत चांगली चित्रं मिळत नाहीत असं नाही. नॅशनल बुक ट्रस्ट, २००४ साली सुरू झालेली प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तकं परवडणारी आहेत.

पण चांगली पुस्तकं आणली तरी ती मुलांना दिसत नाहीत, हे माझं खरं दुखणं आहे. चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ नाहीतर ३२ पानांची, मधोमध पिना मारलेली. त्यांना कणाच नसतो. कपाटात उभी दाटीनं खोचली की बाहेरून नुसत्या कडा दिसतात. वर ती टिकावीत म्हणून जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग होतं, मूळ मुखपृष्ठ गायब होतं, आणि जोडपानावर पसरलेल्या चित्राचा मधला भाग शिवणीत जातो. एका पुस्तकात नदीवरून जाणाऱ्या मुलाचं डोकं असंच शिवणीत गेलेलं मी पाहिलं आहे. मुलांच्या हातात पुस्तकं फाटतात, ते खरंच आहे. मग पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घाला. शिक्का आत, प्रकाशकाचा पत्ता छापलेल्या पानावर मारा. भिंतीवर मुलांच्या उंचीला अरुंद फळ्या ठोकून निदान थोडी पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून लावा आणि दर आठवड्याला बदला. याला फार खर्च येत नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली ज्या ठाण्यात उभं राहिलं, तिथल्या लहानमोठ्या सगळ्याच वाचनालयांकडून एवढी अपेक्षा मी हक्कानं करते.

आणखी एक. अमेरिकेतली ग्रंथालय संघटना १९३८ पासून दरवर्षी चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला कॅल्डेकॉट पदक देते. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, पण तो लेखकासाठी. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात चित्रकाराचं नाव आतल्या पानावर असतं, तेही किती पालक वाचत असतील? आपल्या दैनिकात मुलांच्या पुस्तकांचा परिचय येतो, तेव्हा लेखक, प्रकाशक, पानं, किंमत यांच्या जोडीला चित्रकाराचं नावही छापावं आणि चित्रांबद्दल चार ओळी लिहाव्यात, ही आपल्याला विनंती.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
चरई, ठाणे (प.)