धरणसाठ्याशेजारी ओलीचाही आकडा छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात रोज दोन चौकटी असतात, तालुकावार पाऊस आणि धरणांतला साठा. उजनी किती टक्के भरलं हे आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. पण आमचा जिरायती शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, उजनीवर येत नाही. तो येतो हस्ताच्या पावसाने काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर, आणि त्या ओलीचा आकडा कुठेच छापून येत नाही.

पावसाच्या मिलिमीटरवरून ओल कळत नाही. 24 तासांत 65 मिलिमीटर पडला की सरकारदरबारी अतिवृष्टी. तोच पाऊस दोन तासांत कोसळला तर बराचसा ओढ्याला जातो. दुसऱ्या दिवशी कुदळ मारून पाहावं तर वर चार बोटं चिखल आणि खाली कोरडी ढेकळं. तेवढाच रिमझिम पडला तर फूटभर ओल जाते, चांगला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो. तुमच्या चौकटीत मात्र दोन्हींचा आकडा एकच!

बरं, हा प्रश्न नुसत्या ज्वारीचा नाही. जमिनीवर पडलेल्या पावसातलं निम्म्याहून अधिक पाणी माती आणि झाडापिकांतून पुन्हा हवेत जातं. एकरभर रानातून एक मिलिमीटर ओल उडाली म्हणजे चार हजार लिटर पाण्याची वाफ झाली, आणि लिटरमागे सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता त्यात खर्ची पडली. ओल संपली की तेच ऊन माती आणि हवा तापवतं. रानाला भेगा पडतात, त्या भेगांतून खालची ओलही निघून जाते. 2004 साली हवामानाच्या डझनभर संगणकी प्रारूपांची (मॉडेल्सची) तुलना झाली, तेव्हा मातीच्या ओलीचा पावसावर ठळक परिणाम दिसणाऱ्या जगातल्या मोजक्या भागांत भारतही होता. (समुद्रावरून वारंच आलं नाही तर ओली जमीन एकटी काय करणार, हेही खरंच.) ऑगस्ट 2023 सारखा पावसात मोठा खंड पडला, की रानातून हवेला मिळणारी वाफही आटते.

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत मातीतली ओल हा एक निकष आहेच. जुलै 2025 मध्ये सोडलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ उपग्रह ढगांआडूनही ती टिपू शकतो, पण वरच्या काही सेंटिमीटरचीच. शाळूची मुळं त्याच्या कितीतरी खाली जातात. म्हणून महसूल मंडळांत जिथे स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, तिथेच फूट-दोन फूट खोलीवर ओल मोजणारी उपकरणं शासनाने बसवावीत. तोवर उपग्रहाचे आकडे तरी आपण आठवड्यातून एकदा तालुकावार छापावेत. शाळूच्या पेरणीआधी, सप्टेंबरातच सुरुवात झाली तर उपयोग होईल.

आपला,
एक जिरायतदार, मंगळवेढा (जि. सोलापूर)