बंड्या, हब सापडलं

गिरगाव, मुंबई

प्रिय बंड्या,

तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, आई मजेत. आता कामाचं.

हब सापडलं, मागच्या चाकाच्या मधला गिअरवाला तुंबा. स्टर्मी-आर्चर कंपनीचं, तीन गिअरचं एडब्ल्यू मॉडेल, आऱ्यांच्या चाळीस भोकांचं. तेलाच्या झाकणाभोवती काळा राप बसला होता. नखाने खरवडला तर खाली आकडा : ५१. तुझ्या काकांच्या रॅले सायकलचंच साल! चाक उचलून पॅडल मारलं, आतले कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे तुकडे, टिकटिक वाजायला लागले.

घोळ असा, की हब सुटं नाही. चोरबाजारात एका भाईकडे लेडीज रॅले आहे, तिच्यात बसलंय. आणि बाई अख्खी आहे रे! तेल भरायचं बंद चेनकव्हर, चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी, दांड्यांचे ब्रेक, सगळं नॉटिंगहॅमचं. ब्रूक्सची सीट तेवढी फाटलीय. रंग उडालाय, तरी मागच्या मडगार्डवर सोनेरी रेघ दिसते. भाई म्हणतो, ‘चाक खोलके देता हूँ, बाकी भंगार में जाएगा.’ अख्खी घेतली तर तिप्पट पैसे.

त्यात दुसरी लालूच. काकांच्या सायकलचा बॉटमचा, म्हणजे पॅडलचा आस बसतो तिथला, डावा कप ढिला झालाय. बाजारात मिळतात ते इंचाला चोवीस आट्यांचे, रॅलेला लागतात सव्वीसचे. मागे एका कारागिराने चोवीसचा ठोकून बसवायला घेतला होता, त्याच्या हातून पाना हिसकावून घेतला मी. तो कपही त्या बाईच्या पोटात आहेच.

आठवतं, पंजाच्या चेनव्हीलसाठी तू अख्खी रज सायकल फोडलीस तेव्हा मी तुला खाटीक म्हणालो होतो? गणपतीपर्यंत अबोला. तू म्हणालास, भंगारवाला तोडणारच होता, मी निदान पंजा वाचवला. परवा भाईसमोर उभा राहून तुझंच वाक्य मनात घोळवत होतो, आणि लाज म्हणजे, ते पटत होतं. तरी खाटीक शब्द मागे घेत नाही.

काकांच्या हँडलवर गिअरचा खटका अजून आहे. वायर मधेच संपते, मागे साधं फ्रीव्हील. काका पहिला गिअर टाकून पेडर रोडचा चढ चढायचे आणि वर पोचून आपल्याला हिशोब ऐकवायचे : पहिल्यावर पाव हलकं, तिसऱ्यावर तिसरा हिस्सा जड. आता खटका दाबला की नुसता ‘खट्’ होतो. तो आवाज मला सोसवत नाही. पण त्यासाठी दुसरी जिवंत सायकल कापायची? काका असते तर शिवी घातली असती, कोणाला ते सांगता येत नाही.

घरात जागा नाही. गॅलरीत तीन फ्रेमी टांगलेल्या आहेत. ही म्हणते, आणखी एक हँडल आलं तर मी माहेरी. माहेर ठाकुरद्वारला, दहा मिनिटांवर, त्यामुळे धमकीत दम नाही. पण जिन्यात काही ठेवलं की सेक्रेटरी नोटीस लावतो.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीला सायन्स मिळालं का? नवीन घराचं अभिनंदन राहूनच गेलं, तेही घे.

भाई शुक्रवारपर्यंत थांबतोय. फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस. तुझ्या कोथरूडच्या पार्किंगमध्ये एक लेडीज सायकल मावेल का, एवढंच लिहून पाठव. मावत असेल तर अख्खी उचलतो, पैसे निम्मे तुझे. आणि तुझ्या बिस्किटाच्या डब्यात इंडिकेटरची साखळी असेल, हबमधला गिअर ओढणारी, ती काढून ठेव. या लेडीज सायकलची तुटलीय.

तुझा,
नंदू