‘हॉबिट’ची नोंद हवी होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या कॉम्प्युटर गेमवरचा लेख वाचला. मारिओ, पॅकमॅनला भरपूर जागा मिळाली. मजकुरावर चालणाऱ्या, म्हणजे हुकूम टाइप करून खेळायच्या खेळांची मात्र एका ओळीत बोळवण झाली, तीही चित्रं जमत नव्हती तेव्हाची तडजोड म्हणून. हे काही पटलं नाही.

निपाणीत माझं टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका तंबाखू व्यापाऱ्याच्या घरी डीबी स्पेक्ट्रम हा टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर आला. माझ्याकडे दुरुस्तीला आला तो त्याचा टेपरेकॉर्डर. गेम कॅसेटवर असायचे. लोड होताना टीव्हीच्या कडेने आधी लाल-आकाशी, मग निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावायच्या, सोबत कर्कश किरकिर. टेप वाचणारं हेड जरा तिरकं असलं की पाच मिनिटं थांबून शेवटी ‘टेप लोडिंग एरर’! हेडशेजारचा बारीक स्क्रू हळूच फिरवायचा आणि आवाज टोकदार झाला की हात थांबवायचा. मीटर वगैरे काही नाही, सगळं कानावर.

कॅसेटवर होता ‘द हॉबिट’, टॉल्किनच्या कादंबरीवरचा खेळ. 1982 साली मेलबर्नमध्ये व्हेरोनिका मेग्लर आणि फिलिप मिचेल यांनी बनवलेला. मेग्लरबाई तेव्हा विद्यापीठात शिकत होत्या. चित्रं त्यातही होती, पण मोजक्या ठिकाणी आणि रेघ रेघ ओढत येणारी. खरी करामत पात्रांची. ती आपल्यासाठी खोळंबून राहत नसत. जादूगार गँडाल्फ मनाला येईल तेव्हा चालू पडे. बुटका थोरिन भलत्या वेळी खाली बसून सोन्याची गाणी म्हणे. दुकानात जमणारी पोरं ओरडायची, “मामा, ह्यो परत गायला बसलाय बघा की!” काही मराठी शाळेतली, काही कन्नड, इंग्रजी दोघांचंही बेताचं, त्यामुळे डिक्शनरी शेजारीच.

बरेच खेळ तेव्हा दोन शब्दांपलीकडे जात नसत. याला अख्खं वाक्य कळे. एल्रॉन्ड या पात्राला ‘नकाशा वाच’ असं सांगता येई. राक्षसांपुढे शौर्य दाखवण्यात अर्थ नव्हता. उजाडेपर्यंत लांब राहायचं, ते दगड झाले की किल्ली उचलायची. कधी आपल्याला लागणारं पात्र दुसरीकडेच कुणाशी तरी भांडून मरे आणि डाव फुकट जाई. चुका भरपूर होत्या, तेही सांगितलं पाहिजे. पण हे सगळं 48 केबी मेमरीच्या मशिनवर! आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं ‘शुभ सकाळ’चं चित्र याहून जड असतं. याला तडजोड कसं म्हणायचं?

पुढच्या पुरवणीत मेग्लर-मिचेल यांचा उल्लेख व्हावा, ही विनंती. मोबाइलवरही स्पेक्ट्रमचे एम्युलेटर, म्हणजे त्या मशिनची नक्कल करणारे प्रोग्रॅम, चालतात. लेखकमहाशयांनी एकदा खेळून बघावं. गॉब्लिनांच्या गुहेत अडकले तर पोरांनी वहीत काढलेला नकाशा माझ्याकडे आहे, झेरॉक्स पाठवीन.

आपला,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक
निपाणी, जि. बेळगाव