गाठीतल्या पेशी किरणांना दाद का देत नाहीत

प्रिय अविनाश,

किरणोपचाराचा डोस तेवढाच, मशीन तीच, मग कर्करोगाची एक गाठ विरघळते आणि दुसरी ढिम्म का, हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता.

1 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) डोसने पेशीच्या डीएनएत साधारण 1000 ठिकाणी एक धागा तुटतो. त्याचं पेशीला फारसं काही नाही. समोरचा धागा शाबूत असतो, त्यावरून ती जोडून घेते. जिवावर बेततात त्या दोन्ही धागे एकत्र तुटलेल्या 20 ते 40 जागा.

बरीचशी तोडफोड किरण थेट करतही नाहीत. ते पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिक्रियाशील कण निघतो आणि तो डीएनएवर तुटून पडतो. त्या क्षणी ऑक्सिजन हजर असेल तर इजा पक्की होते. नसेल तर पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन हायड्रोजन देऊन ती जागच्या जागी बुजवतं. म्हणून प्राणवायूविना तगलेली पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन जेमतेम 100-150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पोचतो, आणि अस्ताव्यस्त वाढलेल्या गाठीत त्यापलीकडेही जिवंत पेशी असतात. चर्चा दुरुस्तीच्या जनुकांची जास्त होते, पण मला विचारशील तर पहिला संशय ऑक्सिजनवर घ्यावा.

दुरुस्तीही चिवट असते म्हणा. केयू70 आणि केयू80 ही प्रथिनं काही सेकंदांत तुटक्या टोकावर कड्यासारखी चढतात, मग डीएनए-पीके हे एन्झाइम येतं, शेवटी लायगेज-4 हे एन्झाइम टोकं सांधतं. सांधा ओबडधोबड होतो. पण इजा झालेल्या पेशीला मरायला लावणारं पी53 हे प्रथिन बिघडलेलं असेल तर त्यापायी मरण ओढवून घेण्याची सोयच उरत नाही. अशी पेशी विभाजनाच्या आधीच्या जी2 टप्प्यावर थांबते, डागडुजी उरकते आणि पुन्हा विभाजनाला लागते. डीएनएची प्रत निघते त्या एस टप्प्याच्या अखेरीस तर शेजारी ताजी प्रत असते. आरएडी51 हे प्रथिन तिच्यावरून बिनचूक नक्कल करतं.

रोज 2 ग्रे देण्यामागे हाच हिशेब आहे: मधल्या वेळात उरलेल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचतो, एसमधल्या पेशी नाजूक टप्प्यात सरकतात. पण उपचार लांबू द्यायचे नाहीत. डोक्या-मानेच्या कर्करोगात साधारण चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या पेशी झपाट्याने वाढतात. नुसती ती वाढ रोखण्यात दिवसाला सुमारे 0.6 ग्रे खर्ची पडतो. खाडा झालाच तर एका दिवसात दोन फेऱ्या देऊन भरून काढता येतो, मात्र मध्ये किमान 6 तास हवेत. आसपासच्या निरोगी पेशींनाही सांधायला तेच केयू आणि तेच लायगेज लागतात, आणि त्यांना तेवढा वेळ द्यावाच लागतो.

तुझा,
श्रीकांत