मंत्री मॅडम, वीटभट्टीवरच्या पोरींना वाली कोण?

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,

मॅडम, नमस्कार. मी ठाण्यात राहते, सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जणी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर पोरांना शिकवायला जातो. गेल्या सीझनला एक कातकरी पोरगी आमच्याकडे जोडाक्षरं वाचायला बसायची, यंदा दिसली ती गळ्यात काळी पोत, हातातल्या हिरव्या बांगड्या चिखलाने माखलेल्या आणि सहावा महिना. वय विचारलं तर आईच पटकन बोलली अठरा. सोळाची पण नसेल हो ती! दवाखान्यात नाव का नाही घातलं तर म्हणे तिथे आधारकार्ड बघतात आणि नवऱ्याला पोलीस उचलतात. म्हणजे जिला रक्ताच्या गोळ्या, सोनोग्राफी सगळ्यात जास्त गरजेची तीच लपून बसलीय, आणि उद्या बाळंतपण झोपडीतच करतील याची मला खरंच भीती वाटते.

बालविवाह रोखायला कायदा आहे ना, 2006 चा. लग्न लावणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) आपल्या राज्यात 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. गावात प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक, पण ही माणसं दिवाळी झाली की पाडा सोडतात ते पावसाच्या तोंडावर परततात, मधल्या काळात गावचा ग्रामसेवक म्हणतो ते इथे नाहीत आणि भट्टीकडचा म्हणतो ते आमचे नाहीत, मग पोरीचं बघायचं कोणी? लग्नाला शेठकडून उचल घ्यायची आणि ती नवरा-बायकोने विटा पाडून फेडायची, असं चालतं. आईबापाला नुसतं गुन्हेगार ठरवून भागणार नाही, एक बाई मला म्हणाली पोर मागे एकटी कोणाच्या भरवशावर ठेवू, आणि याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते सरकारकडेच पाहिजे.

म्हणून मागणी एवढीच, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहं दिवाळीच्या आधी उघडा आणि दहावी-बारावीच्या मुलींनाही त्यात घ्या. भट्टी ज्या हद्दीत, तिथल्या अधिकाऱ्याने सीझन सुरू होताच अठराच्या आतल्या प्रत्येक मुलीची नोंद करावी, मुलांसाठीच्या मदतीचा 1098 हा हेल्पलाइन नंबर भट्टीवरच लावावा. आणि जिचं लग्न झालंच आहे तिच्याकडे आशाताईंना घरी पाठवा, तपासणी तर कराच पण वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ती कोर्टातून लग्न रद्द करून घेऊ शकते हेही कोणीतरी तिला सांगा, आजपर्यंत मला हे माहीत असलेली एकही पोरगी भट्टीवर भेटलेली नाही.

आपली,
ठाण्याची एक नागरिक